मागच्याचं पाणी

ऑनलाइन खेळात मी बरीच वर्षं हीलर होतो. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पाचजणांची टोळी डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या एखाद्या भुयारात, उतरते. त्यात एक टँक असतो. पुढं जाऊन मार खाणं हे त्याचं काम. सगळे राक्षस आपल्याच अंगावर येतील अशी व्यवस्था तो स्वतःहून करतो. तिघं बाजूनं राक्षसांना मारतात आणि नंतर श्रेय घेतात. पाचवा हीलर. तो सगळ्यांच्या मागं सुरक्षित उभा राहतो आणि टँकच्या जखमा मंत्रानं भरत राहतो. प्रत्येक मंत्राला माना खर्च होते. माना म्हणजे हीलरच्या अंगातली शक्ती, ती पडद्यावर निळ्या पट्टीत दिसते. पट्टी संपली की मंत्र बंद, मंत्र बंद की टँक मेला, आणि टँक मेला की उरलेल्यांना फार वेळ लागत नाही. दोन लढायांच्या मधे हीलरनं खाली बसून पाणी प्यायचं, म्हणजे पट्टी पुन्हा भरते. म्हणून आमच्या टोळीत मानाला कुणी माना म्हणत नसे. पाणीच म्हणायचे.

टँक माझा थोरला भाऊ होता.

तो गावाकडं पाचोडला राहायचा, अजूनही राहतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. मधल्या खोलीत आमचे वडील, अण्णा, खाटेवर. त्यांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. अण्णा जन्मभर कंडक्टर होते, आणि नोकरीतली दोनचार वाक्यं तेवढी शाबूत राहिली. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की भाऊ हेडफोन लावून बसायचा. मधलं दार उघडं असायचं. त्यामुळे भुयारात आम्ही राक्षसासमोर उभे असताना अण्णांचा आवाज आम्हा सगळ्यांच्या कानात यायचा. "पुढं सरका. पुढं जागा हाय."

टोळीत हैदराबादची एक बाई होती. धनुष्यबाण चालवायची. ओळख नवीन असताना ती एकदा म्हणाली, "भाई, वो बुजुर्ग जो बोल रहे, वो कप्तान हैं क्या? मैं तो उनके बोलने पे आगे चली गई."

"हौ," भाऊ म्हणाला. "कप्तानच है. हम सब उनके नौकर."

मी शहरात, बायपासच्या पलीकडं. तिथं आधी ज्वारीचं रान होतं, मग प्लॉट पडले, मग रो-हाउस झाले. पालिकेची पाइपलाइन आमच्या कॉलनीच्या फाट्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. नोकरी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत, स्टोअरला. स्टोअरकीपरचा धर्म एकच असतो. माल संपला म्हणून सांगावं, तेव्हा तो थोडा शिल्लक असावा.

ती दुष्काळाची वर्षं होती. धरण मृतसाठ्यावर गेलेलं. ज्यांच्याकडं नळ होते त्यांनाही पाणी पाळीनं मिळायचं, आणि आमची कॉलनी टँकरची वाट बघायची. कुणी विचारलं, टाकीत किती आहे, तर उत्तर ठरलेलं होतं: तळाला लागलंय. हे खोटं बोलणं समजलं जात नसे. कसं चाललंय याला बरं चाललंय म्हणतात, तसंच ते. अर्धी टाकी आहे म्हणालात तर संध्याकाळी दारात बादली घेऊन माणूस उभा राहायचा, आणि त्याला नाही म्हणणं अवघड होतं. शेजारचे काका वाळवण बघायच्या निमित्तानं गच्चीवर चढायचे आणि मधली भिंत ओलांडून आमची टाकी बोटानं वाजवून बघायचे. मी टाकीला गोणपाट गुंडाळलं. पाणी गार राहतं, असं सांगितलं.

आमच्याकडं पार्किंगखाली हौद होता आणि हौदाला बोअर. त्या भागातले बहुतेक बोअर कोरडे पडले. आमचा टिकला. का टिकला ते मला माहीत नाही, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मोटार लावायच्या वेळी बायको मिक्सर चालू करायची. शेजाऱ्यांचा समज झाला की आम्ही चटणी फार खातो.

ही सवय खेळात कधी शिरली ते कळलं नाही. प्रत्येक लढाईच्या आधी भाऊ विचारायचा, "पाणी किती हाय?" मी म्हणायचो, "तळाला लागलंय." मग तो ढाल खाली ठेवून थांबायचा आणि मी बसून पाणी प्यायचो. लढाईतही माझा हात आखडता असायचा. मोठा मंत्र टाकायची वेळ आली की वाटायचं, आताच नको, पुढं गरज पडली तर? पुढं गरज पडायच्या आत भाऊ मरायचा. मग आम्ही सगळे मरायचो, आणि माझी पट्टी निम्म्याहून जास्त भरलेली असायची. हैदराबादची बाई म्हणायची, "हीलर भाई का पानी बहुत कीमती है." मला ती तारीफ वाटायची.

एक खुलासा करतो, पुढं लागेल. हीलरला इतरांचा जीव किती उरलाय एवढंच बघायचं असतं. म्हणून मी माझ्या पडद्यावर पाचजणांच्या पाच हिरव्या पेट्या ठेवल्या होत्या आणि बाकी सगळं सुरुवातीलाच काढून टाकलं होतं. इतरांची माना मला दिसत नव्हती. त्यावरून मी धरून चाललो की माझीही कुणाला दिसत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीत बाहेरून दिसत नाही, तसं.

चैत्रात एकदा लढाई संपल्यावर मी पाणी पीत बसलो होतो. बाकीचे लूट वाटून निघून गेले होते. भाऊ म्हणाला, "ऐक ना. अण्णाला दोन महिने तिकडं नेतो का?"

माझी पट्टी भरत आली होती.

"इथं टँकर कधी येतो, कधी येत नाय. पडून असलेल्या माणसाला पाणी लई लागतं रे. रोज चादरी धुवा लागतात, रोज अंग पुसा लागतं. तुझ्या वहिनीची कंबर धरली हांडे उचलून. पाऊस पडला की घेऊन येईन माघारी."

"इथं तरी कुठं आहे," मी म्हणालो. "तळाला लागलंय."

वाक्य तोंडात तयारच होतं. विचार करावा लागला नाही.

भावाच्या मागून अण्णांचा आवाज आला, पण काय म्हणाले ते नीट कळलं नाही. मग भाऊ म्हणाला, "बरं. झालं का पिऊन? चल मग."

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणत होते भाऊजी?"

"काही नाही. खेळाचं."

तिला सांगितलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती. म्हणून तर सांगितलं नाही. खरं कारण पाणी नव्हतंच. ज्या माणसापुढं मी कधी मोठ्यानं बोललो नाही, त्याला उघडं करून धुवायचं, या कल्पनेनंच माझा हात मागं यायचा. भावाचा हात मागं आला नव्हता, आणि वहिनीचाही नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अण्णा त्यांच्या घरात पडले, एवढंच.

वैशाखात एका रविवारी मी पाचोडला गेलो. बरोबर मोठ्यांच्या डायपरचा गठ्ठा नेला होता. बसमध्ये शेजारच्या म्हातारीनं गठ्ठ्यावरचं चित्र बघितलं. "लेकरू केवढं हाय?" तिनं विचारलं.

"ऐंशीला आलंय."

तिनं मान हलवली आणि पदराआडून खिडकीबाहेर बघत राहिली.

बाजाराचा दिवस होता, पण दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी टँकरच्या रांगेत गेल्या होत्या. भाऊ खेळत होता. मी एसटीत होतो म्हणून त्या दिवशी माझ्या जागी दुसराच कुणी हीलर होता. मला बघून भाऊ उठला. "बस जरा इथं. हीलर पाणी पिऊ लागलाय. मी अण्णाला कुशीवर घेऊन येतो. कुणी अंगावर आलं तर ढाल वर धर, बाकी काय करू नको."

टँकच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसलो. पडद्यावर भावाचा योद्धा पाठमोरा उभा होता. त्याच्या स्वतःच्या जिवाची पट्टी खाली कोपऱ्यात, बारीक. आणि बरोबर मधोमध, दोन बोटं जाड, एक निळी पट्टी. ती हळूहळू भरत होती. बराच वेळ मी तिच्याकडं बघत होतो. कसली पट्टी आहे ते आधी कळेना. योद्ध्याला माना नसते. मग पट्टीवर त्या हीलरचं टोपणनाव लिहिलेलं दिसलं.

भाऊ हात पुसत बाहेर आला. हाताला कडुलिंबाच्या पाण्याचा वास होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हीलरचं पाणी."

"तुला दिसतं?"

"समद्यालाच दिसतं. तूच काढून टाकलं असशील. पुढं जाणाऱ्यानं आधी मागच्याचं पाणी बघावं आन मग पाय उचलावा. नाय तर मेला."

"मग मला कामून विचारत होतास रोज?"

त्यानं मला उठवलं, खुर्चीत बसला, हेडफोन एका कानावर चढवला. "विचारावं लागतं," तो म्हणाला. "बघितलेलं येगळं, सांगितलेलं येगळं."

मी उभाच होतो. आतून अण्णा म्हणाले, "पुढं सरका." मी खरंच थोडा सरकलो.

"भाऊ, आमच्याकडं हौद आहे," मी म्हणालो. "बोअरलाही पाणी आहे."

"म्हाईत हाय. बोअरच्या पूजेला नारळ मीच फोडला की."

हे मी साफ विसरलो होतो. त्या दिवशी त्यानं खोबरं वाटलं होतं, पाण्याची पहिली चूळ त्यानंच भरून बघितली होती आणि गोड हाय म्हणाला होता.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं. तुझं पाणी हाय." त्यानं पडद्याकडं बघितलं. निळी पट्टी भरली होती. त्यानं ढाल उचलली आणि पुढं निघाला.

लढाई संपेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, उद्या गाडी करतो, अण्णांना घेऊन जातो.

"आता नाय जमायचं. पाठीला जखमा झाल्यात. डॉक्टर म्हणले हलवू नका."

पुढच्या रविवारी पाचोडला न्यायला मी पाण्याचे जार भरले. अंधारात भरता आले असते, तसं मनात आलंही होतं. पण टेम्पोवाला सकाळी आठला येणार होता आणि तो हॉर्न वाजवल्याशिवाय थांबत नसे. मिक्सर न लावता मोटार चालू केली. शेजारचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले. एकेक जार चढताना बघत होते.

"तळाला लागलं होतं ना?" ते म्हणाले.

"नव्हतं," मी म्हणालो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा दारात बादल्या होत्या. बायकोनं त्या भरून ठेवल्या होत्या. काका पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत, पण बादली पाठवायचे.

रविवारी मी अण्णांची पाठ धुवायचो. वहिनीनं दाखवलं, कापड कसं पिळायचं, जखमेच्या कडेकडेनं कसं जायचं. अण्णा तोंड भिंतीकडं करून म्हणाले, "सुट्टे द्या." मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार. वहिनी माझ्याशी नेहमीसारख्याच बोलायच्या, चहा द्यायच्या, त्यामुळे बसायला अवघड व्हायचं. असे मोजकेच रविवार मिळाले. पाऊस लागायच्या आत अण्णा गेले. जारमधलं थोडं पाणी शिल्लक होतं. त्यातूनच त्यांची शेवटची आंघोळ झाली.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी भावानं दुकान उघडलं आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा भुयारात उतरलो. माईकमध्ये शांतता होती. हैदराबादच्या बाईनं विचारलं, "कप्तान साहब आज चुप हैं?"

"उतर गए," भाऊ म्हणाला.

थोड्या वेळानं तिनं सगळे बाण संपेपर्यंत एकाच राक्षसावर मारले.

त्या दिवशी मी हात आखडला नाही. भावाला ओरखडा उठला की मोठा मंत्र, तो भरायच्या आत दुसरा. राक्षसाचा निम्मा जीव शिल्लक असतानाच माझी पट्टी रिकामी झाली. भाऊ मेला. मग आम्ही सगळे मेलो.

"एवढं कशाला ओतलं?" भाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी भरलेलाच होतो. भरल्या माठात ओततो व्हय कुणी?"

"चुकलं."

"चुकलंच. आत्ता लागत नव्हतं तवा ओतलं, लागलं तवा नव्हतं."

खेळातल्या नियमानं भुयाराच्या दाराशी जिवंत होऊन आम्ही पुन्हा चालत आलो. राक्षस होता तिथंच होता. मी खाली बसून पाणी प्यायला लागलो. माझ्या पडद्यावर आता निळ्या पट्ट्या परत लावल्या होत्या. भावाच्या पडद्यावर माझी मधोमध असणार, दोन बोटं जाड.

"पाणी किती हाय?" त्यानं विचारलं.

"निम्मं," मी म्हणालो.

निम्मंच होतं. तो थांबला.