गोल कोणत्या बाजूने झाला

औरंगाबादच्या फुटबॉल संघाने हैदराबादला जाऊन राज्याचा करंडक जिंकला, त्याला बरीच वर्षे लोटल्यावर मी शहरातल्या एका दैनिकात वार्ताहर म्हणून रुजू झालो. तोपर्यंत हैदराबाद राज्य उरले नव्हते आणि संघही उरला नव्हता. संघाचे चाहते मात्र होते. ते रोज सकाळी शहागंजातल्या एका हॉटेलात जमत, एका चहात दोघे पीत आणि तीच मॅच पुन्हा खेळत.

संघाबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हते. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या फौजेतून रिकामे झालेले काही जण, कापड गिरणीतले कामगार, कॉलेजात शिकणारी मुले, अशी ती मिसळ होती. त्या वर्षांत शहरात लोक एकमेकांशी जपून बोलत. आमखास मैदानावर मात्र संध्याकाळी सगळे एका रेषेच्या कडेला उभे राहत आणि एकाच बाजूने ओरडत. मैदान मुरमाड होते. खेळाडूंकडे बूट नव्हते, ते घोट्याला पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळत. असा संघ हैदराबादच्या ओल्या हिरवळीवर बूटवाल्यांना दोन विरुद्ध एकने हरवून आला, हे सगळ्यांना मान्य होते. आपले दोन गोल कोणी केले, कसे केले, यावरही वाद नव्हता.

वाद होता तो आपल्यावर झालेल्या एका गोलाचा.

"लेफ्ट साइडसे आया," हॉटेलातला सगळ्यांत मोठा आवाज सांगायचा. हा आवाज एका दर्जीचा होता. त्याला सगळे मास्टर म्हणत. "लेफ्ट बॅक खडा का खडा. दरवाजा खुला छोड दिया उसने. मैं अपनी आँखों से देखा ना."

"मास्टर, उगाच त्या गरिबाच्या मागं लागू नका," असे म्हणणारे अण्णा तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून होते. "गोल उजवीकडून झाला. मीही पाहिलाय."

"अण्णा, तुम चश्मा कब लगाए?"

"त्या वेळी मला चष्मा नव्हता."

"वहीच बोल रहा मैं. लगाना था."

हॉटेल हसायचे. अण्णांच्या बाजूचे लोक थोडे होते आणि सभ्य होते. मास्टरच्या बाजूचे बरेच होते. शिवाय दरवाजांच्या शहरात 'दरवाजा उघडा ठेवला' ही थट्टा सोडायची कोणाला इच्छा नव्हती. तो लेफ्ट बॅक, म्हणजे डावी बाजू सांभाळणारा बचावपटू, रस्त्याने जाताना दिसला की हॉटेलातून कोणी तरी विचारायचे, "का भाऊ, भडकल गेट लावलं का आज?" म्हणून त्याने शहागंजातून जाणेच सोडले होते.

एके वर्षी चाहत्यांनी संघातल्या हयात खेळाडूंचा सत्कार करायचे ठरवले. बातमी माझ्याकडे आली. लेफ्ट बॅक येणार नाही असे कळले, म्हणून त्याच्या घरी गेलो. मूळचा करमाडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. गिरणीत नोकरी करून रोशन गेटजवळ स्थायिक झालेला. अंगणात बाज टाकून बसला होता. उभ्या बांध्याचा माणूस, पिंढऱ्या अजून दगडासारख्या.

"मी यायचा नाय," तो म्हणाला.

"का?"

"हार घालतील अन् हसतील. माझी सून, नातवंडं समोर बसणार. त्यांच्यासमोर कुणी दरवाजा म्हनलं तर मी काय करायचं? स्टेजवरून उतरून मारामारी करू?"

"तुमच्या बाजूने गोल झाला, असं ते म्हणतात."

"झालाच नाय माझ्या बाजूनं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. लई डाव सांगितलं. मास्टर म्हनला, तू खेळत व्हतास, तुला काय दिसणार? आमी बघितलंय." त्याने माझ्याकडे पाहिले. "आता तुमीच सांगा साहेब, ह्याला काय उत्तर द्यायचं?"

मला एक प्रश्न सुचला, आणि तो आधी कोणी विचारला नव्हता याचे नंतर नवल वाटले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मास्टरला विचारले, "फायनलला तुम्ही मैदानात नेमके कुठे बसला होता?"

"कौनसे मैदान में?"

"हैदराबादच्या."

"हैदराबाद कौन गया था?" मास्टर जराही न गडबडता म्हणाला. "कपडे शिवायचे सोडून? मैं यहीच था."

"पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणालात."

"हौ, देखा. इस टेबल पे देखा." त्याने संगमरवरी टेबलावर तळहात आपटला. अण्णांकडे पाहिले, तर त्यांनीही तितक्याच सहजपणे मान हलवली. तेही इथेच होते.

चौकशी केल्यावर प्रकार असा निघाला. फायनल ऐकायला रेडिओवर काही नव्हते आणि वर्तमानपत्रात फक्त निकाल आला. संघाबरोबर शहरातला एकच चाहता गेला होता. तो रेल्वेत तिकीट कलेक्टर होता, पास होता म्हणून गेला. परतल्यावर त्याने या हॉटेलात, या टेबलावर सगळी मॅच मांडली. आपले खेळाडू म्हणजे पाण्याचे ग्लास, त्यांचे म्हणजे चहाचे कप, दोन्ही टोकांना गोलपोस्ट म्हणून विड्यांचे कट्टे, आणि बॉल म्हणजे सुपारीचे खांड. पहिल्या दिवशी सांगून झाल्यावर लोकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. मग तो रिवाजच पडला. पुढच्या मॅचेससुद्धा लोक आमखासवर पाहत आणि नंतर टेबलावर पुन्हा पाहत. टेबलावर पाहिल्याशिवाय मॅच झाली असे कोणी समजत नसे. वर्षानुवर्षे असे चालल्यावर मैदान कोणते आणि टेबल कोणते, हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटेनासा झाला होता. मास्टर खोटे बोलत नव्हता. त्याने पाहिले होते.

मग दोघांनी एकच गोल दोन बाजूंनी कसा पाहिला?

याचा धागा दैनिकाच्या कचेरीत सापडला. सत्काराच्या बातमीबरोबर संघाचा जुना फोटो छापायचा होता. मी ओळ लिहिली: डावीकडून पहिले अमुक, दुसरे अमुक. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने विचारले, "डावीकडून म्हणजे आपल्या, की त्यांच्या?" हा प्रश्न तो प्रत्येक फोटोला विचारत असे आणि मी प्रत्येक वेळी न पाहता उत्तर देत असे, "आपल्या." त्या दिवशी उत्तर देऊन मी फोटोकडे पाहत राहिलो. समोरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असला की त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो. वर्तमानपत्रात आम्ही वाचणाऱ्याची बाजू धरतो, फोटोतल्या माणसाची नाही.

संध्याकाळी हॉटेलात जाऊन मालकाला विचारले, मॅच सांगताना तो तिकीट कलेक्टर कुठे बसायचा. मालकाने जागा दाखवली. टेबलाची एक लांब बाजू भिंतीला लागून, दुसऱ्या लांब बाजूने वेटरची ये-जा, तिथे कोणी बसत नसे. सांगणारा गल्ल्याकडच्या टोकाला बसे. समोरच्या टोकाला बाकडी होती. तिथे दुकाने बंद करून येणारे, गिरणीची पाळी संपवून येणारे बसत. मास्टरची जागा तिथली. कचेऱ्यांतले लोक उभ्या उभ्या चहा घेत, ते सांगणाऱ्याच्या पाठीमागे, गल्ल्यापाशी उभे राहत. अण्णा त्यांतले.

आता एकच गोष्ट कळायची राहिली: सांगणाऱ्याने सुपारी कोणत्या हाताकडून आणली होती? तो निवृत्त होऊन मुलाकडे कन्नडला राहत असल्याचे मालक म्हणाला.

बाजाराचा दिवस होता. एसटीत कोंबड्यांच्या पाट्या होत्या आणि उतरायलाही जागा नव्हती. घर सापडले. म्हातारा थकला होता, ऐकू कमी येत होते, पण फायनल म्हटल्याबरोबर सुनेला हाक मारून त्याने कप-बशा मागवल्या.

"ग्लास पण आण गं. आपले ग्लास असतेत."

मी मुद्दाम त्याच्या समोर बसलो. त्याने आपला गोल स्वतःच्या पोटापाशी मांडला. त्याला विचारले तर म्हणाला, "मग? आपला गोल आपल्यापाशीच ठेवणार ना. दुसऱ्याच्या हातात देतो का?" कोणत्या बाजूने आक्रमण झाले हे तो तोंडाने सांगत नव्हताच. तोंडाने तो फक्त म्हणाला, "कडेकडेनं आला, कडेकडेनं आला, अन् आत घुसला." बाकी सगळे हाताने. एक कप पुढे आला, सुपारी टेबलाच्या कडेने सरकली आणि विड्यांच्या कट्ट्यांमध्ये शिरली.

माझ्या डावीकडून.

मी उठून त्याच्या पाठीमागे गेलो आणि पुन्हा सांगायला सांगितले. तो खुश झाला. सुपारी त्याच मार्गाने सरकली. आता ती उजवीकडून आली. म्हाताऱ्यापाशी आपला गोल होता, म्हणजे ती आपल्या संघाची उजवी बाजू होती. लेफ्ट बॅक टेबलाच्या दुसऱ्या कडेला, भरलेल्या ग्लासाच्या रूपात, उभा होता.

"हा ग्लास तिथेच होता का सगळा वेळ?" मी विचारले.

म्हाताऱ्याने ग्लासाकडे पाहिले. "ते काय ध्यानात नाही बुवा. मी बॉल बघत होतो."

सत्कार दोन दिवसांवर आला होता. परत येऊन लेफ्ट बॅकला सगळे सांगितले. मला वाटले होते तो म्हणेल, छापा. तो म्हणाला, "छापून काय उपेग? मास्टर पेपर वाचतो व्हय? पेपर त्याला माप कापायला लागतो." मग अंगात सदरा घालत उठला. "चला. टेबल हाय ना तिथंच?"

तो हॉटेलात शिरला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिले. मास्टरने तोंड उघडले होते, पण थट्टा बाहेर आली नाही. लेफ्ट बॅक सरळ गल्ल्याकडच्या टोकाला जाऊन बसला. त्या जागेवर तिकीट कलेक्टरनंतर कोणी बसत नसे. त्याने ग्लास मागितले, कप मागितले, मालकाने विड्यांचे कट्टे स्वतः आणून दिले.

"मास्टर, इकडं या."

"मेरेकू यहाँसे दिखता."

"तेच तर. तिथून उलटं दिसतं. इकडं माझ्या मागं येऊन उभं राहा."

मास्टर उठेना. बाकड्यावरची त्याची जागा बावीस-पंचवीस वर्षांची होती. अण्णा म्हणाले, "मास्टर, या. इथून चष्मा लागत नाही."

लोक हसले आणि त्या हसण्यात मास्टर उठला. टेबलाला वळसा घालून तो गल्ल्यापाशी आला आणि अण्णांच्या शेजारी उभा राहिला. लेफ्ट बॅकने सुपारी सरकवली. उजवीकडून आली. मास्टरने वाकून पाहिले, मान तिरकी करून आपल्या रिकाम्या बाकड्याकडे पाहिले, पुन्हा टेबलाकडे पाहिले. कापड बेतताना उलट-सुलट बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आणखी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"या अल्लाह," तो म्हणाला. "पूरा कोटच उलटा शिवला मी."

कोणी तरी टाळी वाजवली. लेफ्ट बॅक उठायला लागला, तेवढ्यात मास्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले.

"ठैरो. मग तू कुठं होता?"

हे आजवर कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

लेफ्ट बॅकने डाव्या कडेचा ग्लास उचलला, टेबलाच्या मधून आडवा ओढत आणला आणि विड्यांच्या दोन कट्ट्यांच्या मधोमध ठेवला. "इथं. गोलकीपर बाहेर निघाला व्हता. गोल मोकळा पडला, म्हनून मी आडवा पळत आलो."

"मग अडवला का नाही?" मास्टरने विचारले.

"अडवला की. हितं लागला," त्याने नडगीवर बोट ठेवले. "बॉल ओला, पट्टी ओली. निसटला अन् आत गेला."

"म्हणजे तुझ्याच पायाला लागून गेला!" मास्टरचा आवाज परत आला. "फिर मैं गलत क्या बोला? गोल तूच सोडला ना?"

सगळे लेफ्ट बॅककडे पाहू लागले. तो हसत होता.

"लागून गेला ना? मंग मी तिथं व्हतो ना! दरवाजा उघडा नव्हता मास्टर, दरवाजात मी उभा व्हतो."

"कबूल," मास्टर म्हणाला. "पूरा कबूल. आता फिरसे बताओ. पहिल्यापासून. किक-ऑफसे."

बाकड्यांवरचे लोक एकेक करून उठून गल्ल्याकडच्या बाजूला यायला लागले. मालक ओरडला की गिऱ्हाइकाला पैसे द्यायला जागा ठेवा. लेफ्ट बॅकने ग्लास पुन्हा जागच्या जागी लावले. सुपारी मधोमध ठेवता ठेवता तो मागे न बघता म्हणाला, "साहेब, परवाचा कार्यक्रम किती वाजता म्हनलात? सुनेला सांगावं लागंल."