एका जागेच्या दोन उमेदवार

नसरापुरात बयाबाईंना ओळखत नाही असा माणूस विरळा. पण ओळख कसली, तर खिचडीवाल्या मावशी. सतरा वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली त्यांनी. मधल्या काळात दहावी केली, बारावी केली, डी.एड. केलं, टीईटी सहाव्या फेरीला काढली, तरी लोकांच्या तोंडी मावशीच. लोकांचं काय, त्यांना एकदा एक नाव सापडलं की पुरतं.

त्या मूळच्या पासलीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाडीतल्या. बाप रायबा. दारात म्हशी, मागं जंगल, आणि खाली पासलीला उतरायचं तर दीड तासाची पायपीट. वाडीवर चौथीपर्यंतची शाळा होती. ती शाळाही एका वर्षी बंद पडायला आली, कारण वीस पोरांचा पट भरेना. तेव्हाचे खोपडे गुरुजी झापोझाप, एकेका झोपडीत फिरले आणि जे पोर दिसेल ते नावावर घेतलं. रायबाच्या दारात बया खेळत होती. शाळेत घालायचं वय झालंय का हे बघायची त्या काळी एक सोपी तऱ्हा होती: उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला की सहा वर्षं पुरी. बयाचा हात काही कानाला पोचेना. पोचणार कसा, पोरगी चार वर्षांची. गुरुजींनी तिची मान जरा कलती केली, बोट कानाला टेकवलं, आणि वहीत लिहिलं, जन्म एक जून. त्या दिवशी वाडीतली नऊ पोरं अशी एक जूनला जन्माला आली.

तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर रायबानं गुरुजींना ताक तरी कशाला पाजलं असतं? चौथीनंतर पोरीला घरी बसवायची म्हणून ठरलंच होतं. पण खाली डेअरीच्या गाडीला दूध पोचवायला रोज कुणीतरी जायलाच हवं होतं. बया म्हणाली, मी जाते. किटली गाडीवर रिकामी करायची आणि तशीच पासलीच्या शाळेत जाऊन बसायचं. दुधाच्या जिवावर सातवी झाली. पुढं अठराव्या वर्षी लग्न, नवरा रोहिदास, नसरापूरचा टेम्पोवाला. माणूस सरळ, पण कुणी सांगेल तेवढंच बोलणारा, आणि सांगणारं कुणी नसलं तर गप्प. वर्षाच्या आत अश्विनी झाली.

शिक्षिका व्हायचं हे बयाबाईंनी लहानपणी वगैरे ठरवलं होतं असं कुणी सांगेल तर ते खोटं आहे. ते ठरलं पंचविसाव्या वर्षी, हातात खिचडीचा डाव असताना. निवडणुकीच्या कामाला शाळेतले दोन्ही गुरुजी गेले आणि जाताना सांगून गेले, मावशी, पोरं जरा बघा. बयाबाईंनी चुलीवरचं उतरवलं आणि दुसरीच्या वर्गात गेल्या. एक पोरगी बेरजेला रडत होती. तिला त्यांनी पाटीवर काहीबाही करून दाखवलं आणि ते पोरीला कळलं. कळल्यावर पोरगी जी बघायला लागली, त्या बघण्यानं बयाबाईंचा घात केला. घरी येऊन रोहिदासला म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय, दहावीला बसते. रोहिदासनं विचारलं, कुठं मिळतो? झालं, तेवढीच चर्चा.

सासूबाई ठकुबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. गणितात दोनदा नापास झाल्यावर तर त्यांनी गल्लीत सांगून ठेवलं की आमच्या सुनंला खूळ लागलंय. तिसऱ्यांदा सुटलं. मग बारावी. मग भोरला डी.एड., सकाळची एसटी, डब्यात चपाती आणि मिरचीचा ठेचा, वर्गातल्या पोरी बारा वर्षांनी लहान. त्या पोरी आधी लाजून ताई म्हणायच्या, परीक्षा जवळ आली की वह्या मागायच्या. डी.एड. झालं आणि सरकारनं भरतीच बंद केली. काही वर्षांनी उघडली तर टीईटी ही नवी पात्रता परीक्षा आडवी आली. बयाबाई पाच वेळा पडल्या. दर वेळी दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या. ह्या बाईच्या चिकाटीचं मला कौतुक आहे, पण खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

तोवर अश्विनी मोठी झाली. आईचं बघून तीही डी.एड.ला गेली, आणि टीईटी दुसऱ्या फटक्यात काढून बसली. पुढच्या अभियोग्यता चाचणीचा अभ्यास मायलेकींनी एकत्र केला. जाडजूड पुस्तक एकच होतं. बयाबाईंनी ते पाठीतून उसवून दोन भाग केले, एक तिला, एक आपल्याला, आठवड्याला अदलाबदल. निकाल लागला तेव्हा आईला लेकीपेक्षा चार गुण जास्त. अश्विनीनं पेढे आणले, आणि पहिला आईच्या तोंडात घातला.

आणि इथंच सगळं अडलं. भोर खोऱ्यातल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत एक जागा निघाली, त्यांच्याच प्रवर्गाची. मुलाखतीला दहा जण बोलावले, त्यात ह्या दोघी. मुलाखत फेब्रुवारीत. वयाची अट त्रेचाळीस. कागदावर बयाबाई येत्या एक जूनला त्रेचाळीस पुऱ्या करणार होत्या. खऱ्या वयाला अजून दोन वर्षं होती, पण खऱ्या वयाला विचारतो कोण? म्हणजे अश्विनीची ही पहिली मुलाखत, आणि बयाबाईंची पहिली आणि शेवटची.

त्यांनी आधी वेगळी वाट शोधली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. दोन वर्षं परत मिळाली तर ही जागा पोरीला सोडून आपण पुढची बघू, असा सरळ हिशेब. म्हणून त्या भोरला खोपडे गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजी ऐंशीच्या पुढचे, पण डोकं शाबूत. बयाबाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, तारीख अंदाजानं घातली एवढं लिहून द्या.

गुरुजींनी नाकारलं काहीच नाही. लिहून देतो म्हणाले, शंभराच्या स्टॅम्पवर देतो. पण दहावीच्या बोर्डात जी तारीख गेली ती आता ब्रह्मदेव आला तरी हलत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, "बया, तुझा हात कानाला लागत नव्हता. मीच तुझी मान वाकवली. पण त्या साली तुला घेतलं नसतं, तर शाळा मिटली असती आणि पुढच्या साली तू म्हशींमागं असतीस."

ते खरंच होतं. ज्या हातानं शाळा दिली त्याच हातानं दोन वर्षं काढून घेतली, आता भांडायचं कुणाशी? बयाबाईंनी गुरुजींच्या पाया पडून स्टॅन्डचा रस्ता धरला. एसटीत त्यांना संताप संताप होत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की आपण मुलाखतीला जाणार. ठकुबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी परातीतला हात तसाच ठेवला. "लेकीच्या पुढ्यातलं ताट वढणारी आई म्या पयल्यांदा बघितली," त्या म्हणाल्या. हे वाक्य चार दिवसांत सगळ्या गल्लीत फिरलं. ज्यांनी पंधरा वर्षं बयाबाईंच्या जिद्दीची उदाहरणं आपल्या सुनांना दिली, त्याच बाया आता नळावर कुजबुजायला लागल्या. आईनं कसं असावं ह्याचं ज्ञान आपल्याकडं फुकट मिळतं. रोहिदास नेहमीसारखा टेम्पोचं बोनेट उघडून बसला.

अश्विनी दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आई, मी जात नाही, तू जा. तिचा जीव वर-खाली होत होता हे बयाबाईंना दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "तू बी यायचं. तू न्हाई आलीस आन मग मला घेतलं, तर ती नोकरी मला नगं."

दोघी एकाच एसटीनं गेल्या, एकाच बाकावर बसून. प्रत्येकीला दुसरीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता आणि मग आत मुलाखत. बयाबाईंना वजाबाकी आली, हातच्याची. त्यांनी फळ्याला हातच लावला नाही आधी. पोरांना दहा-दहाच्या रांगेत एकमेकांचे हात धरून बसवलं, सुटी पोरं वेगळी, आणि सुटी कमी पडल्यावर एक रांग फोडायला लावली. मागच्या भिंतीला एक पोरगा तोंड लपवून बसला होता, तीच रांग त्यांनी त्याला फोडायला सांगितली. तास संपेपर्यंत तो पोरगा पुढं येऊन बसला होता. परीक्षकांतल्या एक बाई लिहायचं सोडून बघत राहिल्या.

अश्विनीचा पाठ बयाबाईंनी व्हरांड्यातून, खिडकीच्या गजातून बघितला. तिनं सुंदर तक्ता आणला होता. पण पोरगी घाबरली. फळ्याकडं तोंड करून बोलत राहिली, आणि मागं वर्गात निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत होती. बयाबाई मनात म्हणत होत्या, वळ, अगं वळ, पोरांकडं वळ. ती एकदा वळली, हसली, आणि परत फळ्याकडं गेली. वाईट पाठ नव्हता. नव्या पोरीचा असतो तसा होता.

आत मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी बयाबाईंना एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला, नोकरी किती वर्षं होईल तुमची? पंधरा, त्या म्हणाल्या. अश्विनीलाही तेच विचारलं. तिची छत्तीस होत होती. पाठाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. अश्विनी. बयाबाई संस्थेच्या कचेरीत नेमणुकीचा कागद आणायला तिच्याबरोबर गेल्या तेव्हा अध्यक्ष खुर्चीतून उठून बाहेर आले. भले गृहस्थ, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण मोठं पुण्य केलं. हसून म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ, मावशी. जागा घरातच राहिली की तुमच्या."

बयाबाई घरी आल्या, चहा ठेवला, आणि न्हाणीत जाऊन बादलीत नळ वाहता सोडून रडल्या. ठकुबाईंना आवाज आला. म्हातारी दारापर्यंत गेली आणि तशीच मागं फिरली. त्या दिवसापासून तिनं ताटाचं नाव काढलं नाही.

अश्विनीनं सोमवारी रुजू व्हायचं होतं, त्याआधी पासलीत सत्कार ठरला. धनगरवाडीची नात शिक्षिका होते म्हणजे काय लहान गोष्ट? वाडीवरून माणसं उतरली, देवळापुढं मांडव पडला. सरपंच चिमाजींनी मायलेकींना शेजारी बसवलं, दोघींना शाल दिली, दोघींना नारळ दिला. भाषणात म्हणाले की आईनं सपान बघितलं आणि लेकीनं ते पुरं केलं, बयाबाईचं आज सोनं झालं. टाळ्या पडल्या. मग रीतीप्रमाणे आईला दोन शब्द बोलायला लावले.

बयाबाईंनी माईक हातात घेतला. शाळेत शिकवावं तशा सावकाश बोलल्या. "अश्विनीला नोकरी लागली. लई चांगलं झालं, मला आनंद हाय. पर तिचं झालं, ते तिचं झालं. माझं न्हाई झालं. माझं झालं असं कुणी म्हनू नका."

आणि त्या खाली बसल्या. कुणाला टाळ्या वाजवाव्या की नाही कळेना. चिमाजींनी घसा साफ करून जेवणाची घोषणा केली आणि माणसं सुटल्यासारखी उठली. पंगतीत चार जणींनी एकमेकींना म्हटलं, बाई एवढी शिकली पण बोलायची रीत नाही शिकली.

परतीला टेम्पोत पुढं तिघं बसली होती. रोहिदास चालवत होता, मधे अश्विनी, खिडकीला बयाबाई. शाली घडी करून अश्विनीनं मांडीवर घेतल्या होत्या. घाटाची वळणं सरली, वेल्हे मागं पडलं तेव्हा अश्विनी म्हणाली, "आई, माझा पाठ तुझ्यापेक्षा चांगला नव्हता. मला म्हाइती हाय."

आई असल्यावर अशा वेळी काय बोलायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तसं नाही गं, तूही छान घेतलास, असं. रोहिदासनंही तेवढ्यासाठी गाडी जरा हळू केली.

"व्हय," बयाबाई म्हणाल्या. "मला बी म्हाइती हाय. सोमवारी फळ्याकडं तोंड करून बोलू नगंस."