सदरचं पार्लर बंद केलं तेव्हा

बदली होऊन नागपुरात आले तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. करमणूक शाखेत निरीक्षक. आपल्या राज्यात कॅसिनो नाहीत. त्यांच्यासाठी केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि शेवटी रद्द झाला. माझ्या वाट्याला आली व्हिडिओ गेम पार्लरं. परवाना भिंतीवर लावलाय का, मंजूर तेवढीच मशीन आहेत का, खेळाच्या आडून जुगार तर चालत नाही ना, हे पाहायचं. जिथे तपासणी करायची तिथे ओळखी वाढवायच्या नाहीत, असं मी स्वतःला बजावलं होतं. वर्ष उलटलं तरी शहरात माझं असं कोणी नव्हतं. एखाद्या रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं, आज आपण एक शब्दही बोललेलो नाही.

शहरातल्या सदर भागातल्या एका पार्लरमध्ये दर वेळी एक आजोबा दिसायचे. इस्त्रीचा शर्ट, कोपऱ्यातलं मशीन. खेळायचे कमी, बसून राहायचे जास्त.

एका दुपारी तिथे प्लायवूडच्या भिंतीमागे परवान्यात नसलेली चार मशीन सापडली. जिंकणाऱ्याला रोख रक्कम मिळत होती. पंचनामा सुरू झाला तसे सगळे पसार झाले. आजोबा तेवढे उरले.

"मॅडम, काहून बंद करून राहिल्या?"

"इथे जुगार चालतो, आजोबा."

"ते तं मले माहीत आहे ना. पण बायको गेल्यापासून घरी नुसतं घड्याळ वाजते. आता दुपारी कुठी जाऊ मी?"

जबाब द्याल का, एवढंच मी विचारलं. खोटं सांगतील किंवा उठून जातील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"पाहिलं ते सांगतो. लिहा."

सगळं सांगितलं. वाचून सही केली. दाराला सील लागेपर्यंत फुटपाथवर उभे राहिले, मग एकटेच चालत गेले. त्यांच्या जबाबावरच परवाना रद्द झाला. साहेबांनी शाबासकी दिली. खोलीवर येऊन ती कोणाला सांगावी, कळेना.

तीन-चार महिन्यांनी उमरेडहून परतताना एसटीत ते भेटले. पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही, म्हणून रोज दुपारी उमरेडला जायचे आणि त्याच गाडीने परत.

"बसा ना, मॅडम. कंडक्टर ओळखते आता मले. गोष्टी करते."

मी शेजारी बसले. बायकोच्या आजारपणाचं त्यांनी सगळं सांगितलं. मीही, का कोण जाणे, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले. या शहरात मी ते पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते.

स्टँडवर उतरल्यावर ते घुटमळले. पार्लरवाल्याच्या अपिलाची सुनावणी बाकी होती आणि ते माझे साक्षीदार होते. घरी या, असं मला म्हणता आलं नाही. "सांभाळून जा," एवढंच मी म्हणाले, आणि रिक्षात बसले.