उरलेली कड

गुलमर्गमध्ये रशीदचाचा स्कींना हाताने, कानशीने धार लावतात. एका जोडीला तास जातो. समोरच्या दुकानात आता यंत्र आलं आहे. ते हेच काम दोन मिनिटांत करतं.

एका सकाळी मी चाचांकडे बसलो असताना बिलाल हा प्रशिक्षक यंत्रातून काढलेली चकचकीत जोडी दाखवायला आला. चाचांनी पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग स्की आडवी धरून कडेची जाडी पाहिली.

"धार आहे, पण पोलाद उरलं नाही. वर डोंगरावर बर्फ दगडासारखा झालाय, वळताना कड स्कीपासून सुटेल. आज माझी जोडी ने."

"चाचा, माझ्या लग्नातही तुम्ही वादळ येणार म्हणाला होतात!"

"आलंच होतं."

बिलाल हसत आपलीच जोडी खांद्यावर टाकून रोपवेकडे गेला.

यंत्र प्रत्येक स्कीवरून सारखाच थर काढतं. हातही झिजवतोच, पण किती उरलं आहे हे पाहून थांबतो.

चाचांनी पुढची स्की टेबलावर घेतली, मात्र कानस उचलली नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. रोपवेचे डबे भरून वर जात होते आणि रिकामे खाली येत होते.