भूलताई

दुखणं हा शब्द ती घरातही वापरायची नाही. "आज गुडघा फार बोलतोय," म्हणायची. कपाटाचं दार आवाज न करता लावायची. कुणाचा हात हातात घेण्याआधी स्वतःचे तळवे चोळून ऊबदार करायची. आणि बहुतेक कामं शेवटचा हात न फिरवता सोडून द्यायची. स्वेटरची एक बाही. शब्दकोड्यातलं एक उत्तर.

ती अपघात विभागात नर्स होती. निखळलेला खांदा बसवताना, भाजलेली जखम धुताना ती हलक्या आवाजात बोलत माणसाला मनाने त्याच्या हातच्या कामात नेऊन सोडायची. सुताराला रंध्याशी, शिंपिणीला मशीनशी. डॉक्टर त्याला संमोहन म्हणत, आणि तिने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. ती मात्र "गप्पा मारते" एवढंच म्हणायची. औषधाशिवाय भूल पाडते म्हणून सगळ्यांची ती भूलताई.

तिच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची. साहित्याची पदवीधर. बोलायला लागली की थांबायची नाही. भूलताईने तिचं नाव कादंबरी ठेवलं होतं.

"ताई, तू त्यांना काम पुरं का नाही करू देत?" कादंबरीने एकदा विचारलं होतं.

"काम संपलं की माणूस उठून बसतो गं. त्याआधी आमचं उरकायला नको?"

त्या दुपारी भूलताई खोलीची भिंत रंगवत होती. कादंबरी खाली उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती. स्टूल डगमगलं. पाऊल घोट्यापासून भलतीकडेच वळलं.

अपघात विभागात तरुण डॉक्टरने तिची बोटं दाबून पाहिली. पांढरीफटक होती. "रक्त पोचत नाहीये. आत्ताच ओढून बसवायला हवं. थांबलो तर पाऊल हातचं जाईल." भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत अडकले होते. गुंगीच्या जोरकस औषधाने मागे एकदा तिचा श्वास अडकला होता. घोट्यात बधिरतेचं इंजेक्शन दिलं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

"ताई, तुमची विद्या आता स्वतःवरच चालवा."

"न्हावी स्वतःची मान भादरतो का रे?" तिने सोबत आलेल्या कादंबरीकडे मान वळवली. "कादंबरे, तू बोल. एरवी गप्प कुठे बसतेस!"

"मला नाही येत, ताई."

"भिंत रंगव. चल."

कादंबरीने तळवे चोळले. तिचा हात धरला. "ब्रश बुडवलाय. डब्याच्या कडेला निथळू दे. आता वरून खाली. सावकाश." भूलताईचे डोळे मिटले. श्वास ब्रशाबरोबर खाली उतरू लागला. डॉक्टरने टाच धरली.

"दुखत नाहीये ना?" कादंबरी बोलून गेली.

भूलताईचे डोळे खाडकन उघडले. सगळं अंग ताठ झालं. डॉक्टरचा हात थांबला. भूल झाली होती, पण नको ती. इतकी वर्षं शब्दांचा अभ्यास केला, आणि एका शब्दाला एवढं वजन असतं हे कादंबरीला इथे कळत होतं.

"अगं शहाणे," भूलताई दात आवळून म्हणाली, "रंग ओघळलाय. टिप आधी."

"टिपते." तिने आवाज खाली आणला. "टिपला. आता खिडकीशेजारचा पट्टा. रंग कुठलाय गं हा?"

"दुकानदार चंदनी म्हणाला." डोळे पुन्हा मिटले. "मला मेला शेवाळी दिसतो."

"वरून खाली."

"वरून... खाली..."

डॉक्टरने ओढलं. खट्ट आवाज झाला. भूलताईची भुवई तेवढी हलली.

"भिंतीतली खुंटी बसली वाटतं," ती पुटपुटली.

बोटं हळूहळू गुलाबी झाली. कादंबरी जमिनीवरच बसली.

पुढे शस्त्रक्रिया झाली. बाहेरून सळया लावलेला पाय घेऊन भूलताई घरी आली. खिडकीशेजारी हातभर पट्टा कोरा होता. कादंबरीने ब्रश उचलला.

"ठेव तो खाली."

"हातभरच तर राहिलाय, ताई."

"आणि सळया काढतील तेव्हा मी कुठे जाऊ?"

कादंबरीने ब्रश धुऊन ठेवला. पट्टा अजून कोरा आहे.