हौदाखालची काळी माती

आमचं गाव बेल्हे आणि निमगाव सावा यांच्या मधलं. हायस्कूलच्या मागे पोहायचा हौद होता. मी लहान असताना गावानं श्रमदानातून तो बांधला. एका टोकाला कमरेइतका, दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. विहिरी मळ्यांत होत्या, आणि ज्यांचे मळे त्यांच्याच पोरांनी तिथे उड्या मारायच्या. आम्ही बौद्धवस्तीतली पोरं नुसती काठावर उभी राहिलो तरी कुणीतरी ओरडून हुसकून लावायचं. हौदावर मात्र कुणाला मनाई नव्हती.

पोहायला शिकवायचे मेजर. खरं तर ते फौजेतून हवालदार म्हणून परत आले होते, बढती गावानं दिलेली. पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे आणि न विचारता पाण्यात ढकलून द्यायचे. मुलींसाठी सकाळची वेळ ठेवली होती, तेव्हा त्यांची बायको हौदाच्या कुंपणाच्या दाराशी बसून राहायची. माझी धाकटी बहीण तिथेच पोहायला शिकली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हौदाला तडे गेले, पाणी ठरेना. ग्रामपंचायतीनं दाराला कुलूप घातलं. तोवर मी गवंडी झालो होतो आणि बहीण पारगावला नांदत होती.

पुढे एका मे महिन्यात ती माहेरी आली होती. नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन कालव्यावर धुणं धुवायला गेली. पोरीचा पाय शेवाळावरून सरकला. बहिणीनं लगेच उडी मारली, पण कालवा भरून चालला होता. पोर सापडली ती खालच्या पुलाच्या मोरीपाशी.

बहीण रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मला येत व्हतं रे पोहायला. तिला यायला पायजे व्हतं."

पोरीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर मेजर माझ्याजवळ येऊन बसले. "तू गवंडी हाईस. हौद पुन्हा हुबा करू. मी माणसं आणतो."

आणि त्यांनी आणली. घरोघर जाऊन, अक्षरशः हात धरून आणली. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हौदातला गाळ आणि बाभळी काढल्या, भिंतींचा जुना गिलावा खरवडला. दुसऱ्या उन्हाळ्यात बायका वाळूची घमेली वाहू लागल्या. मळ्यातली माणसं आणि आमच्या वस्तीतली माणसं एका ओळीत बसून भाकरी खायची. त्या गावात मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी सांगेन तसं सगळे करायचे. "गवंडी, आता काय?" असं पाटीलकीतली म्हातारी माणसंसुद्धा विचारायची.

एका तड्याचा माग काढत मी तळ थोडा फोडला, तेव्हा कळलं. कोब्याखाली मुरूम नव्हताच, निव्वळ काळी माती होती. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. तिच्यावर काहीही ओढा, ते तडकणारच. सगळा तळ काढून, माती उपसून, मुरूम भरून तो धुमसानं ठोकून घट्ट करायला हवा होता.

मी बैठकीत तसं सांगितलं. म्हणालो, आणखी एक उन्हाळा लागेल. मग सरपंच म्हणाले, "अवो, पुढल्या साली कोण येतंय राबायला? तडे भरा, वरनं झकास गिलावा ओढा. जातंय धकून."

मेजर माझ्याकडे वळले. "तू सांग. ठरल का पाणी?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं तर ही ओळ उद्या मोडणार, हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर, गाव मला विचारत होतं, ते मला सोडवत नव्हतं.

"ठरल," मी म्हणालो.

गिलावा वाळल्यावर शेजारच्या मळेवाल्यानं मोटारीचा पाइप आणून सोडला. तीन दिवसांत हौद भरला. पोरांनी नुसता गोंगाट केला. मेजर सत्तरीला आलेले, तरी कमरेभर पाण्यात उभे राहून एकेका पोरीच्या पोटाखाली हात धरत होते. बहीण पारगावहून आली. काठावर बसली, सगळ्या पोरींकडे बघत राहिली आणि दुपारच्या एसटीनं परत गेली.

पाचव्या दिवशी पाणी वीतभर उतरलं. मी म्हटलं, उन्हानं असेल. आठव्या दिवशी तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली आणि पाणी हायस्कूलच्या पायात शिरलं. एका वर्गाची भिंत फाटली. सुट्टी होती म्हणून कुणी पोर आत नव्हतं.

मेजर रिकाम्या हौदात उतरले, उकिडवे बसले आणि चिरेत बोटं घातली. बोटांना काळा चिखल लागला.

"तुला ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

"मी सांगितलं व्हतं, मेजर. बैठकीत..."

"सांगितलं व्हतंस. मग मी इचारलं, तवा काय बोललास?"

ते हात न धुताच घरी गेले. त्यानंतर मला रस्त्यात भेटले की मान हलवायचे, पण बोलले नाहीत. दोन वर्षांनी वारले.

सुरुवातीला लोक सरपंचांना बोल लावत होते. मग हळूहळू, "वस्तीतल्या गवंड्यानं केलं, आणखी काय व्हनार," असं माझ्या कानावर येऊ लागलं. ज्यांनी माझ्याबरोबर भाकरी खाल्ली होती, तेच म्हणत होते. ग्रामपंचायतीनं हौदात राडारोडा टाकून तो बुजवला. पुढे तिथे दुकानांचे गाळे झाले. पोरं कालव्यावर जातातच. दर एक-दोन उन्हाळ्यांनी कुणाच्या तरी दारात मयतीला माणसं जमतात. मी जातो, मागे उभा राहतो.

बहीण आता लग्नकार्यापुरती माहेरी येते. तिला वाटतं, गावानं प्रयत्न केला आणि नशिबानं साथ दिली नाही. एकदा निघताना म्हणालीसुद्धा, "दादा, तू तुझ्याकडनं लई केलंस." मी तिची पिशवी एसटीत चढवून दिली. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.