कारवीच्या रानातली वंदना

माझ्या पतींना माझं नाव आठवेनासं झालं, तेव्हाही मी रोजची वंदना चुकवली नाही. पण ती कुणासाठी म्हणते आहे, हेच मला कळेनासं झालं होतं. संध्याकाळी मेणबत्ती लावायची, हात जोडायचे, पाठ असलेले शब्द ओठांवरून जाऊ द्यायचे, आणि त्याच वेळी कान मागे ठेवायचे, की हे उठले तर नाहीत ना, दाराची कडी काढत तर नाहीत ना. पूर्वी आम्ही दोघं शेजारी बसून म्हणत असू. आवाज यांचा, भरदार. मी आपली मागून येणारी. आता हे शेजारी बसलेच, तर ज्योतीकडे बघत राहत आणि मध्येच अगदी सभ्यपणे विचारत, "बाई, तुम्ही कुठल्या?"

मी चमत्कार मानत नाही. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी धम्म स्वीकारला तेव्हाच नवस, अंगारे, कौल सगळं मागे सोडलं, आणि सून म्हणून आल्यावर मीही त्याच शिस्तीत वाढले. कुणी प्रचीती, कृपा असे शब्द काढले की मी विषय बदलत असे. म्हणून पुढे जे लिहिणार आहे त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जसं घडलं तसं सांगते.

हे कारखान्यात टर्नर होते, पण वस्तीत सगळे यांना 'लेणीवाले काका' म्हणायचे. सुट्टी मिळाली की चार माणसं जमवायची, एसटी पकडायची आणि मावळातल्या, जुन्नरकडच्या डोंगरांवर जाऊन लेणी दाखवायची, हा यांचा छंद. दमलेल्या माणसाला यांनी कधी घाई केली नाही. निवृत्तीनंतर आम्ही कात्रजला छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि थोड्याच वर्षांत विसरभोळेपणा सुरू झाला. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आजार मागे फिरत नाही. मी मान हलवली, आणि त्या दिवसापासून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मुलगी हिंजवडीत नोकरीला, ती म्हणाली, "मम्मी, दिवसभरासाठी एक बाई ठेवू या." मी नको म्हटलं. शेजारचे देशमाने म्हणाले, संध्याकाळी मी काकांना फिरवून आणतो. त्यांनाही नको म्हटलं. विहारात जाणंही मी सोडलं, कारण हे प्रवचनाच्या मध्येच उठून घरी जायचं म्हणत आणि लोक वळून पाहत. माझ्या माणसाकडे कुणी दयेनं पाहावं, हे मला सहन होत नव्हतं. याला मी प्रेम समजत होते. थोडं प्रेम होतंही.

भाद्रपदात विहाराच्या महिला मंडळाची सहल निघाली. मंडळाच्या शोभाताई घरी आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "लेण्यांवर जातोय आम्ही. लेणीवाले काकांशिवाय लेणी बघायची म्हणजे मिठाशिवाय आमटी. तुम्ही दोघं येताय, मी नावं घातली आहेत." मुलीला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "अगं, डोंगर आहे तो. पप्पांना सांभाळणार कोण?"

"मी," असं म्हणून मी फोन ठेवला.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, चैत्यगृहात उभं केलं, स्तूप दिसला, की यांच्या आत काहीतरी जागं होईल. चमत्कार न मानणारी बाई मनात हीच आशा घेऊन बसमध्ये बसली होती.

लेण्यांचा तो भाग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. धरणाच्या काठानं तंबू लागले आहेत, रिसॉर्टच्या पाट्या आहेत, डोंगराच्या पायथ्याशी झिपलाइन आहे, मॅगी आणि भाजलेल्या कणसांच्या टपऱ्या आहेत. रविवार असल्यामुळे गाड्या लावायला जागा नव्हती. आमच्या पुढेच पुण्याच्या पोरापोरींचा एक घोळका मोठा स्पीकर वाजवत चढत होता. मी शोभाताईंना म्हटलं, "या पोरांना डोंगर कशाला लागतो? बाणेरचा एखादा मॉल पुरला असता." त्या हसल्या. पण एकदा पायवाट रानात शिरली आणि सावली दाट झाली, तसा माझा जीव हलका झाला. दोन्ही बाजूंना कारवी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच वाढली होती. उघड्या उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली. आणि हे चालत होते. घरात बाथरूमचं दार न सापडणारा माणूस दगड बघून पाऊल टाकत होता, निसरड्यावर वळून मला हात देत होता. मी कोण, हे त्यांना ठाऊक नसेल. पण कुणालातरी हात द्यायचा असतो, हे ठाऊक होतं.

चैत्यगृहात आम्ही वंदनेला बसलो. सगळ्या जणी एका सुरात म्हणत होत्या, दगडी कमानीखाली आवाज गोल फिरून परत येत होता. मी यांच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ हलले नाहीत. स्तूपाकडे बघून त्यांनी एक जांभई दिली आणि मला विचारलं, "जेवायचं कधी?" मी हसून त्यांना डब्याकडे नेलं, पण आतून अगदी रिकामी झाले. आता काही उरलं नाही, असं वाटलं.

जेवण झाल्यावर आम्ही लेणीसमोरच्या सपाटीवर बसलो होतो. एका म्हाताऱ्या उपासिकेचा गुडघा धरला, म्हणून तिला पायऱ्यांवरून खाली आणायला मी यांचा हात सोडला. त्यांना दगडावर बसवलं, "इथंच बसा, आलेच," म्हटलं. परत आले तेव्हा दगडावर फक्त पाण्याची बाटली होती.

सुरुवातीला मी आवाज न करता शोधलं. लोकांना कळू नये, असं त्याही वेळी वाटलं. कातळातल्या पाण्याच्या टाक्यापाशी पाहिलं, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्यांत पाहिलं. तेवढ्यात दरीतून ढग वर चढले आणि बघता बघता सगळा डोंगर पांढरा झाला. यांच्या अंगावर सहलीसाठी घातलेला पांढरा सदरा होता. त्या धुक्यात तो काय दिसणार? लेणीच्या पलीकडे कडा आहे, हे यांनीच मला वर्षांपूर्वी दाखवलं होतं. मी ओरडले, "मधुकर! मधुकर!" इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना नावानं हाक मारली नव्हती.

त्या स्पीकरवाल्या घोळक्यातली एक मुलगी धावत आली. डोक्याला रंगीत रुमाल, पायात चिखलानं भरलेले बूट. "आजी, काय झालं? कोण हरवलंय?" मी सांगितलं. तिनं मागे वळून हाक दिली, "ए, स्पीकर बंद कर आधी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांचा फोटो आहे? मला पाठवा, मी सगळ्यांना देते. तुम्ही इथंच थांबा, म्हणजे ते परत आले तर चुकामूक होणार नाही." तिचं नाव सानिका. नारायण पेठेत राहणारी, कॉलेजात शिकवणारी. तिनं दोघं-दोघं करून पोरांना वाटांवर धाडलं आणि कड्याकडे कुणी एकट्यानं जायचं नाही, असं बजावलं. शोभाताई पायथ्याकडे निघाल्या. मी शोधायला निघाले तर सानिकानं माझा दंड धरून मला बसवलं. "आजी, या धुक्यात तुम्हीही चुकाल. आम्ही आहोत ना."

मी बसले. मला काही करता येत नव्हतं, आणि दुसरं कुणी करत होतं. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच घडत होतं. रान गप्प झालं होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच. मी हात जोडले. यांना परत दे, असं मागायला आमच्याकडे कुणी नाही. बुद्ध मार्ग दाखवतो, देत-घेत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी काहीच मागितलं नाही. मनात एवढंच म्हटलं की माझ्यानं आता होत नाही. मी शरण आले. आयुष्यभर रोज तीनदा 'सरणं' म्हणणारी मी, तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग धुक्यातून, उजवीकडून, खालच्या अंगानं एक आवाज आला. आधी वाटलं, माझाच भास. पण तो आवाज मी अर्धं आयुष्य शेजारी बसून ऐकलेला होता. भरदार, शब्द न् शब्द मोकळा. हे वंदना म्हणत होते.

सानिकालाही तो ऐकू आला. ती आणि एक मुलगा पुढे, मी मागे, असे आम्ही कारवीतून वाट काढत उतरलो. डोंगराच्या कुशीत एक अर्धवट कोरलेली गुंफा होती, पर्यटक जिथं फिरकत नाहीत अशी. आत हे मांडी घालून बसले होते. त्यांच्या आणि कड्याच्या मधोमध, गुंफेच्या अगदी तोंडाशी, एक गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली बाई ऐसपैस पाय पसरून बसली होती. हौसाबाई तिचं नाव. खालच्या वाडीतली, म्हशी चारायला आलेली.

"ह्ये तुमचं मालक हाईत का?" तिनं विचारलं. "कड्याकडं निगालं व्हतं. हात धरून हितं आनलं, पर हितनं उठंनात. नाव इचारलं, घर इचारलं, कायबी सांगंनात. मग म्हनलं, देवाचं कायतरी येत आसंल की, त्येच म्हना, कुनी ऐकंल तरी. तवा ह्ये सुरू झालं."

"आणि तुमच्या म्हशी?"

"म्हशी जातील की आपल्या आपन घरला. मानसाला सोडून कसं जावं?"

मी यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. वंदना चालूच होती, शेवटच्या ओळींवर आली होती. मी मागून सूर धरला, नेहमीसारखा. संपल्यावर यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्हीही विहारात येता का?" मी म्हटलं, "हो, येते." हौसाबाई म्हणाली, "लई ग्वाड म्हनत्यात. कंचा देव ह्यो?" एरवी मी तिला समजावत बसले असते, की बुद्ध देव नव्हेत, आम्ही देव मानत नाही. त्या वेळी तिच्या त्या चिखलानं भरलेल्या पावलांना हात लावावासा वाटला, आणि मी लावला. ती लाजून पाय ओढून घेत म्हणाली, "आता गं बया. उठा, उठा."

त्या पोरांनी यांना दोन्ही बाजूंनी धरून पायथ्यापर्यंत उतरवलं. हे वाटेत त्यांना लेण्यांबद्दल काहीबाही सांगत होते. त्यातलं निम्मं कुठल्या तरी दुसऱ्याच डोंगराचं होतं, आणि पोरं मन लावून ऐकत होती.

यांचा आजार बरा झाला नाही. उलट थोडा वाढलाच आहे. काही संध्याकाळी मी वंदना सुरू केली की हे पुढचं उचलतात, काही संध्याकाळी नाही. त्या दिवशी गुंफेत जे झालं ते का झालं, यावर डॉक्टरांचं म्हणणं आहे, की फार जुनी पाठांतरं शेवटपर्यंत टिकतात. ते खरंच असणार. पण त्याच वेळी रान गप्प का असावं, कड्याच्या वाटेवर ती बाई का असावी, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला उत्तर नको आहे. मी फक्त कृतज्ञ आहे.

शरण जाण्याच्या तीन ठिकाणांपैकी तिसरं संघ. संघ म्हणजे चीवर घातलेले भिक्खू, असंच मी धरून चालले होते. आता म्हणताना डोळ्यांसमोर हौसाबाई येते, शोभाताई येतात, त्या पोरीचा रंगीत रुमाल येतो. मी मूठ आवळून बसले होते तेव्हा कुणाला काही देता येत नव्हतं. मूठ उघडली तशी माणसं आली. माझ्यापुरता शरण या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

मुलीनं सुचवलेली बाई आता सकाळी येते. देशमाने संध्याकाळी येतात. आम्ही पुन्हा विहारात जातो. हे मध्येच उठले तर कुणीतरी त्यांच्याबरोबर अंगणात एक फेरी मारून येतं. आणि रविवारी सानिका येते, कधी एकटी, कधी मित्रांना घेऊन, आणि यांना तळजाईच्या टेकडीवर झाडांत फिरायला नेते. निघताना हे दारात थांबतात आणि मला म्हणतात, "बाई, काळजी करू नका, मी यांना नीट लेणी दाखवून आणतो." मी म्हणते, "सावकाश या." मग दार लावून घेते, एकटीपुरता चहा टाकते, आणि खिडकीशी बसून तो गरम असतानाच पिते.